मोजलेलं ऐकणं

2014च्या मार्च महिन्यात व्हल्फपेक नावाच्या अमेरिकी बँडने 'स्लीपिफाय' नावाचा एक अल्बम काढला. त्यात दहा गाणी होती आणि दहाही गाण्यांत निव्वळ शांतता होती. शब्द नाहीत, सूर नाहीत, ठेका नाही. प्रत्येक 'गाणं' तीस सेकंदांहून जेमतेम एक-दोन सेकंदांनी मोठं. बँडने चाहत्यांना विनंती केली, की रात्री झोपताना स्पॉटिफाय या इंटरनेटवरच्या संगीतसेवेवर हा अल्बम लावून ठेवा आणि सकाळपर्यंत वाजत राहू द्या. जे पैसे येतील त्यातून आम्ही फुकट कार्यक्रमांचा दौरा काढू. चाहत्यांनी इमानेइतबारे झोप काढली. सुमारे 20 हजार डॉलर जमले. एप्रिल संपता संपता स्पॉटिफायने अल्बम काढायला लावला, पण तोवर काम झालं होतं. ठरल्याप्रमाणे दौराही झाला.

हा किस्सा मी ज्यांना ज्यांना सांगते ते हसतात. हसण्यासारखा आहेच तो. पण त्यातली खरी गंमत त्या तीस सेकंदांत आहे. तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरायचं, असा स्पॉटिफायचा हिशेब. एकतिसाव्या सेकंदाला काय वाजतंय, समोरचा जागा आहे की घोरतोय, याची हिशेबाला फिकीर नाही. त्या बँडने एवढंच केलं, की हिशेब तसाच ठेवून त्यातून संगीत वजा केलं. आणि उत्तर तेच आलं.

तबकडी विकली जायची तेव्हा व्यवहार विक्रीपाशीच संपायचा. घरी नेल्यावर कुणी ती घासून गुळगुळीत होईपर्यंत ऐकली काय किंवा पाहुण्यांना दाखवायला कपाटात लावून ठेवली काय, गायकाला मिळायचं ते तेवढंच. कोण काय, कितीदा ऐकतं हे जगात कुणालाच ठाऊक नसायचं. डिजिटल तंत्राने संगीत स्वस्त केलं, सोपं केलं, घराघरांत नेलं असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: ऐकणं मोजता यायला लागलं. आणि जे मोजता येतं त्याचाच पैसा होतो, मग त्याच्याच बेताने सगळे वागू लागतात. गाणारेही आणि ऐकणारेही.

*

तंत्राच्या मापाने गाण्याने वागायचं, हे काही नवीन नाही. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटं मावायची. 1902 साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गच्या ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गौहर जान गायली, तेव्हा तिला अख्खी मैफल त्या तेवढ्या वेळात बसवावी लागली, आणि शेवटी 'माय नेम इज गौहर जान' असं घोषित करायलाही सेकंद राखून ठेवावे लागले. तबकड्या पुढे हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा ते कळायला हवं ना! 1948 साली कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. तरी लोकप्रिय गाणं तीन-चार मिनिटांचंच राहिलं. सवय लागली की लागली.

यंत्र आलं की कलावंत धास्तावतात, हेही जुनंच. 1906 साली जॉन फिलिप सूसा या अमेरिकी बँडप्रमुखाने यांत्रिक संगीताविरुद्ध लांबलचक लेख लिहिला होता: घरोघरी यंत्रं वाजू लागली तर लोक स्वतः गाणं सोडून देतील. 1942च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला, तो काही कंपन्यांपुरता 1944च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. रेकॉर्ड एकदा वाजवायची आणि मग रेडिओवर आयुष्यभर तिच्याकडून फुकट काम करून घ्यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. सूसाची भीती बरीचशी खरी ठरली असं मला वाटतं, पण तिचं दुःख आज कुणाला होत नाही. वादकांची मागणी मात्र अजून शिळी झालेली नाही. तिच्याकडे पुढे येते.

*

1982च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सीडी विक्रीला आली. सोनी आणि फिलिप्स यांची ही जोडकमाई. आवाजाची लाट सेकंदाला 44,100 वेळा तपासायची आणि प्रत्येक वेळी तिची उंची आकड्यात लिहून ठेवायची, हे सीडीचं तत्त्व. कंपन्या हरखल्या. लोकांकडे असलेलेच जुने अल्बम त्यांना पुन्हा नव्याने, जास्त किमतीला विकता येत होते. त्या आनंदात एक गोष्ट कुणी फारशी मनावर घेतली नाही. तबकडीवरून कॅसेट केली की आवाज थोडा मळायचा, त्या कॅसेटवरून दुसरी केली की आणखी मळायचा. आकड्यांची नक्कल मळत नाही. कंपन्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती मूळ प्रत दिली होती, तीही बिनकुलपाची. घरच्या संगणकांत सीडी वाचायची सोय येईपर्यंत काय तो अवकाश होता.

आणि आकार आटोक्यात यायचा बाकी होता. सीडीवरचं एक मिनिट म्हणजे साधारण दहा मेगाबाइट; टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळात एक गाणं उतरवायला तास-दोन तास लागले असते. हा तिढा जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी सोडवला. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे त्यातलं ठळक नाव. मोठा आवाज चालू असताना त्याच्या अगदी जवळच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. ढोलाचा दणका बसला की त्याच्या आगेमागे क्षणभर कान बाकीचं सोडून देतो. जे ऐकूच येत नाही ते साठवायचं कशाला? तेवढं गाळून टाकलं की आकडे अकरा-बारा पटींनी कमी होतात. त्यांची सर्वांत मोठी कसोटी ठरली सुझॅन वेगाचं 'टॉम्स डायनर'. या गाण्यात वाद्य नाही, फक्त एका बाईचा मोकळा आवाज आहे. तासलेला आवाज लपायला त्यात जागाच नव्हती, म्हणून ते गाणं स्वच्छ वाजेपर्यंत सूत्रं पुन्हा पुन्हा घासली गेली. 1995च्या जुलैत या फाइलींसाठी नाव ठरलं, एमपी3. मला हे नेहमी विलक्षण वाटतं. संगीताचा धंदा उलथवणाऱ्या तंत्राचा पाया माणसाला काय ऐकू येतं यावर जेवढा रचलेला आहे, तेवढाच त्याला काय ऐकू येत नाही यावर.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 1999 साली शॉन फॅनिंग या विशी न गाठलेल्या पोराने नॅपस्टर सुरू केलं आणि जगभरचे लोक एकमेकांच्या संगणकांतली गाणी उचलू लागले. 2000च्या एप्रिलमध्ये मेटॅलिका या बँडने दावा ठोकला, 2001च्या जुलैत नॅपस्टर बंद पडलं आणि त्याच्यासारखी डझनभर उगवली. नंतर अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी हजारो साध्यासुध्या श्रोत्यांना कोर्टात खेचलं. ध्वनिमुद्रित संगीताची जागतिक उलाढाल 1999च्या सुमारास शिखराला होती. तिथून जवळजवळ पंधरा वर्षं ती घसरत राहिली. या लढाईत एका बाजूला चोर आणि दुसऱ्या बाजूला लुटारू होते असं ज्याने त्याने आपापल्या सोयीने सांगितलं. गायक-वादक दोन्ही बाजूंनी नावापुरते होते.

2003च्या एप्रिलमध्ये ॲपलने 99 सेंटला एक गाणं विकायला काढलं. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. यात अल्बम फुटला. एका चांगल्या गाण्यासाठी अकरा गाणी घ्यायची सक्ती गेली, हे श्रोत्याच्या बाजूने रास्तच होतं. पण सहाव्या क्रमांकावरचं अवघड, पटकन न उलगडणारं गाणंही त्याच सक्तीच्या आधाराने जगत होतं. 2021 साली अॅडेलने स्पॉटिफायला सांगून अल्बमच्या पानावरचं गाणी उलटसुलट लावणारं बटण मागे सारायला लावलं, तेव्हा मला बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं. गाणी ज्या क्रमाने लावली त्या क्रमाने ऐकली जावीत, एवढ्यासाठी इतक्या मोठ्या गायिकेला शब्द टाकावा लागावा!

*

2002 साली ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने एका मुलाखतीत सांगितलं होतं की संगीत आता नळाच्या पाण्यासारखं किंवा विजेसारखं होणार, आणि कलावंतांनी भरपूर दौरे करायची तयारी ठेवावी, कारण प्रत्यक्ष कार्यक्रम तेवढाच वेगळा उरेल. बोलणारा माणूस पाण्यात उतरून बोलत होता. 1997मध्येच त्याने आपल्या जुन्या अल्बमांच्या पुढल्या कमाईवर रोखे काढून साडेपाच कोटी डॉलर उभे केले होते. पण नळ म्हटला की मीटर येतो, हे त्या उपमेत राहून गेलं. स्टॉकहोममधल्या स्पॉटिफायने 2008च्या ऑक्टोबरात सेवा सुरू केली तेव्हा तो मीटर बसला.

हा मीटर कसा चालतो हे फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझी अशी समजूत होती, आणि बहुतेकांची असते, की मी महिन्याला जे पैसे भरते त्यातला वाटा मी ज्यांना ऐकते त्यांना जात असेल. तसं नाही. सगळ्यांचे पैसे एका देशापुरते, एका प्रकारच्या वर्गणीपुरते एका ढिगात पडतात. कंपनी आपला साधारण तिसरा हिस्सा काढून घेते. उरलेल्याची वाटणी होते ती त्या महिन्यातल्या एकूण वाजण्यांपैकी कुणाची किती वाजली या प्रमाणात. समजा मी महिनाभर एकाच अनोळखी गायिकेला ऐकलं, मन लावून, वीस वेळा. आणि दुसऱ्या कुणी व्यायामाला, प्रवासात, झोपेत मिळून दोन हजार गाणी वाजवली. आम्ही दोघांनी सारखेच पैसे भरले. पण ढिगातून पैसे कुठे जायचे हे ठरवण्यात त्याचा शब्द माझ्या शंभरपट चालतो. माझ्या वर्गणीतली बरीचशी रक्कम मी कधी नावही न ऐकलेल्या माणसांकडे जाते.

याला पर्याय नाही असं नाही. प्रत्येकाचे पैसे त्याने ऐकलेल्यांतच वाटायचे, अशी पद्धत 2021 साली साउंडक्लाउड या सेवेने छोट्या स्वतंत्र कलावंतांसाठी सुरू केली. मोठ्या सेवा मात्र ढिगावरच आहेत. एका वाजण्याचे साधारण सेंटच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पडतात, तेही हक्काच्या मालकाला. गायकाच्या हातात किती येतं ते त्याच्या करारावर. 2024पासून स्पॉटिफायने आणखी एक अट घातली: गेल्या बारा महिन्यांत निदान हजार वेळा वाजलं नसेल तर त्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच नाहीत. ल्युमिनेट ही संस्था संगीताची आकडेवारी ठेवते. तिच्या 2023च्या मोजणीत या सेवांवर 18 कोटी 40 लाख गाणी होती आणि त्यातली सुमारे साडेचार कोटी वर्षभरात एकदाही वाजली नव्हती. एकदाही! ज्याने ते गाणं केलं त्यानेसुद्धा लावून पाहिलं नव्हतं.

धंदा मात्र सावरला. 2024 साली ध्वनिमुद्रित संगीताची जागतिक उलाढाल 29.6 अब्ज डॉलर झाली आणि त्यातला 69 टक्के वाटा या मीटरचा होता. म्हणून कंपन्यांच्या लोकांना विचारलं तर ते म्हणतील, तंत्राने बुडवलं आणि तंत्रानेच तारलं. मला यात खोट काढायची नाही. चोरीच्या काळात गायकाला शून्य मिळत होतं, त्यापेक्षा काहीतरी मिळतं हे बरंच.

*

आता वादकांचं. जुन्या तबकडीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत नावं असायची: गिटार कुणाची, बासरी कुणाची, ध्वनिमुद्रण कुणी केलं. मी संगीत शिकले नाही, पण ऐकायला शिकले ते त्या नावांमुळे. एखादा तुकडा आवडायचा, त्या वादकाचं नाव शोधायचं, मग ते नाव दुसऱ्याच कुणाच्या तबकडीवर दिसायचं आणि आपण तिथे पोचायचो. गाणं फाइल झालं तेव्हा ही पाठची बाजू गळून पडली. आता काही सेवांवर श्रेयाची यादी असते, कुठेतरी तीन टिचक्या आत, बऱ्याचदा अपुरी. मी किती सेकंदांनी गाणं सोडलं हे यंत्रणेला चोख माहीत असतं. त्यात बासरी कुणी वाजवली हे तिला सांगता येत नाही.

आणि ज्याचं नाव नाही त्याला पैसेही नाहीत. स्टुडिओत दिवसभराची बिदागी घेऊन वाजवणाऱ्याला पुढे ते गाणं अब्जावधी वेळा वाजलं तरी बहुधा काही मिळत नाही. ब्रिटनमध्ये रेडिओवर गाणं वाजलं तर वादकाला कायद्याने वाटा मिळतो. तेच गाणं फोनवर मागवून ऐकलं तर नाही. 2021च्या जुलैत तिथल्या संसदीय समितीने हा भेद काढा, सगळी घडी नव्याने बसवा, असं स्पष्ट लिहून दिलं. 1942च्या बहिष्कारात अमेरिकी वादकांचं म्हणणं वेगळं काय होतं?

*

तरी नुसती कुरकुर केली तर तो खोटेपणा होईल. गाणं करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर या तंत्राने जे दार उघडलं ते पूर्वी कधीच उघडं नव्हतं. 1983 साली मिडी ही वाद्यांची सामाईक सांकेतिक भाषा आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. पुढे स्टुडिओच संगणकात मावला. 2020च्या ग्रॅमी समारंभात चारही मुख्य पारितोषिकं बिली आयलिशला मिळाली, ती बहुतांशी घरातल्या झोपायच्या खोलीत, भावाच्या मदतीने केलेल्या गाण्यांसाठी. स्टुडिओचं भाडं, कंपनीचा साहेब, ओळखीपाळखी, यांतलं काहीही नसणारी किती माणसं पूर्वी गाणं मनातच ठेवून गेली असतील. त्यांची मोजणी कुठल्याच संस्थेकडे नाही.

(चुकलेला सूर यंत्राने जागेवर आणणाऱ्या ऑटोट्यूनबद्दलही मी इतरांइतकी चिडत नाही. अँडी हिल्डेब्रँड हा माणूस आधी तेलसाठे शोधण्यासाठी जमिनीत लहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींचा हिशेब मांडायचा. तेच गणित त्याने सुराला लावलं आणि 1997 साली हे साधन आणलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' गाण्यात ते उघडउघड वापरलं गेलं. चोरून सूर लावण्यापेक्षा उघडपणे यंत्राचा आवाज काढणं मला तरी जास्त प्रामाणिक वाटतं.)

एका गाण्याची वाट पाहिली तर हे सगळं एकदम दिसतं. 2008मध्ये नाइन इंच नेल्स या बँडने शब्दांविना केलेल्या छोट्या रचनांचा एक संच थेट इंटरनेटवर आणला, कंपनी मध्ये न घेता. दहा वर्षांनी नेदरलँड्समधल्या यंगकियो नावाच्या पोराला त्यातला तारांचा एक तुकडा सापडला. त्याने तो कापून, त्याखाली ठेका घालून इंटरनेटवर विकायला ठेवला. अमेरिकेत अटलांटाजवळ राहणाऱ्या, कॉलेज सोडलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने तो 30 डॉलरला घेतला आणि त्यावर गाणं गायलं, 'ओल्ड टाउन रोड'. लांबी एक मिनिट त्रेपन्न सेकंद. लिल नॅस एक्स हे त्याचं टोपणनाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. त्याने स्वतःच विनोदी चित्रफितींना ते जोडून पसरवलं, टिकटॉकवर लोकांनी ते उचललं, लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्डने ते कंट्री संगीताच्या यादीतून काढलं आणि त्या वादाने ते आणखी फुगलं. 2019 साली ते अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग 19 आठवडे पहिलं राहिलं. तोवर कुठलंच गाणं तिथे इतकं टिकलं नव्हतं. ठेका करणारा आणि गाणारा एकमेकांना ओळखतही नव्हते. आपल्या ठेक्यावर हे गाणं झालंय, हे त्या डच पोराला इंटरनेटवर फिरणारी गंमत पाहून कळलं. मूळ तुकडा करणाऱ्यांना शेवटी श्रेय आणि वाटा दोन्ही मिळालं. 1990 साली या गोष्टीतलं एकही पाऊल पडणं शक्य नव्हतं.

पण ती एक मिनिट त्रेपन्न सेकंदं पाहा. तीस सेकंदांपुढे वाजलं की एक ऐकणं, मग गाणं दोन मिनिटांचं असो की सहा मिनिटांचं. मोठं गाणं म्हणजे मीटरच्या दृष्टीने वाया गेलेला वेळ. ह्युबर्ट लेव्हिये गोव्हँ या संशोधकाने 1986 ते 2015 या काळातल्या अमेरिकेच्या पहिल्या दहांतल्या गाण्यांचा अभ्यास केला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शब्द सुरू होण्याआधी सरासरी वीस सेकंदांहून जास्त वाद्यं वाजायची. 2015पर्यंत ती पाच सेकंदांवर आली. गाणाऱ्याला आता उंबरठ्यावरच बोलायला सुरुवात करावी लागते, नाहीतर ऐकणारा पुढे सरकतो. मला त्या वीस सेकंदांची हळहळ आहे. शब्द यायच्या आधी जी उत्सुकता ताणली जायची तीही गाण्याचाच भाग होती. ती कुठल्याही अधिकाऱ्याने हुकूम काढून बंद केलेली नाही. हिशेबाने आपोआप झाली.

*

ऐकणाऱ्याचं काय झालं? मला हवं ते, हवं तेव्हा मिळतं. 1985चं केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' एका मालिकेत वाजलं आणि 2022च्या जूनमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं, 1985मध्ये जन्मालाही न आलेल्या मुलामुलींमुळे. जुनं-नवं हा भेदच पुसला गेला, हे मला मनापासून आवडतं. 2015पासून दर सोमवारी यंत्र माझ्यासाठी गाणी निवडून देतं आणि कधी कधी ती निवड इतकी अचूक असते की थोडं ओशाळायला होतं. इतरांच्या याद्यांत जी गाणी शेजारी शेजारी असतात त्यांवरून ते माझी आवड ताडतं. म्हणजे माझ्यासारख्या अनेकांची सरासरी मला माझीच आवड म्हणून परत मिळते.

वर्षाच्या शेवटी ते माझा हिशेबही मांडतं: सर्वांत जास्त काय ऐकलं, किती मिनिटं, कुठला गायक. माझ्या यादीत एकदा कुणा अनामिकाने केलेला पावसाचा आवाज वर आला होता, कारण झोप यावी म्हणून तो मी रात्रभर लावून ठेवायचे. त्याच वर्षी एक अल्बम मी फक्त एकदा ऐकला होता. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही, इतका तो आत गेला. यादीत तो नव्हता. कसा असेल? त्यातल्या गाण्यांची एकेकच नोंद पडली होती.

पार्श्वभूमीला वाजणाऱ्या या गाण्यांचा एक वेगळाच कारखाना उभा राहिला आहे. अभ्यासासाठी, झोपेसाठी, कामासाठी अशा याद्या आपण लावतो आणि गाणारा कोण हे पाहत नाही. 2024च्या मार्चमध्ये 'डागेन्स न्यूहेटर' या स्वीडिश दैनिकाने उघड केलं की तिथला एकच संगीतकार 650हून जास्त नावांनी अशी शांत पियानोची गाणी पुरवत होता आणि ती मिळून सुमारे 15 अब्ज वेळा वाजली होती. त्याने काही बेकायदा केलं नाही. ज्याला कुणी नावाने शोधत नाही त्याने 650 नावं घेतली, एवढंच.

मग यंत्रालाच गाणी करता येऊ लागली. फ्रान्सच्या डीझर या सेवेने 2025च्या एप्रिलमध्ये सांगितलं की तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांतली 18 टक्के पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली आहेत. त्याआधी 2024च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका माणसावर आरोपपत्र ठेवलं होतं. आरोप असा, की त्याने यंत्राकडून लाखो गाणी करून घेतली, हजारो खोटी खाती उघडली आणि त्या खात्यांकडून ती गाणी अब्जावधी वेळा 'ऐकवली'. एकाच गाण्यावर गर्दी झाली तर संशय येईल म्हणून ऐकणं हजारो गाण्यांवर पातळ पसरवलं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि एक कोटी डॉलरहून जास्त पैसे निघाले. गाणारं यंत्र, ऐकणारंही यंत्र. माणसाचे होते ते फक्त पैसे, आणि ते त्या सामाईक ढिगातून, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनी भरलेले. याला फसवणूक म्हणतात आणि ती आहेच. पण ज्या हिशेबाला झोपलेला माणूस आणि जागा माणूस सारखाच, त्याला माणूस आणि संगणक वेगळे का वाटावेत?

*

या हिशेबाला वळसा घालायचे रस्तेही लोकांनी काढले आहेत. बँडकॅम्पवर गाणाऱ्याकडून अल्बम सरळ विकत घेता येतो, ठेवलेल्या किमतीपेक्षा जास्तही देता येतात; 2020च्या मार्चपासून वर्षातल्या काही ठराविक शुक्रवारी ही कंपनी आपला वाटाही सोडते. मी आता आवडलेल्यांसाठी हेच करते. त्या विकत घेतलेल्या फाइली मी उघडतेच असं नाही, गाणं पुन्हा फोनवरच लावते, कारण सोय सोडवत नाही.

यात मी एकटी नाही. 2022 साली अमेरिकेत तबकड्या सीडींपेक्षा जास्त संख्येने खपल्या, 1987नंतर पहिल्यांदा. ल्युमिनेटच्या पाहणीत त्या विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवायचं यंत्र निघालं. उरलेले निम्मे तबकडी घेतात, भिंतीवर लावतात, कपाटात ठेवतात आणि गाणं फोनवर ऐकतात. लोक या बातमीवरही हसले. मला ते गिऱ्हाईक चांगलंच समजतं. त्याने वाजवायला काही घेतलंच नव्हतं. कुणाला पैसे द्यायचे ते एकदा तरी स्वतः ठरवावं, एवढ्यासाठी त्याने तबकडी घेतली.